मागचं तिसरं पाऊल

सकाळी नऊ वाजता चिमटीनं सरांच्या खोलीत एका कागदावर सही केली आणि तेव्हापासून तिचं बूड एका जागी टेकलं नाही.

कागद तसा साधाच होता. पुढच्या हंगामात बॅडमिंटनची दुहेरी कोण कोणाबरोबर खेळणार, त्या जोड्यांची यादी संध्याकाळी सहापर्यंत महासंघाकडे पाठवायची असते. एकदा पाठवली की वर्षभर बदल नाही. अकरा वर्षं त्या यादीत चिमटीच्या शेजारी शिडीचं नाव असायचं. ते इतकं ठरलेलं होतं की सर कागद भरून मग सह्यांपुरतं दोघींना बोलवायचे. यंदा तिथे डावखुरीचं नाव होतं. डावखुरी एकोणीस वर्षांची, गेल्या वर्षी हॉलवर आलेली, आणि सरांच्या मते पुढच्या दहा वर्षांची सोय.

"शिडीला कोण सांगणार?" चिमटीनं विचारलं होतं.

"तूच," सर म्हणाले. "संसार तुम्ही दोघींनी केलाय, मी नाही."

आता ही टोपणनावं. खरी नावं दोघींनाही होती, पण ती स्पर्धेच्या तक्त्यावर लिहायला. हॉलमध्ये सगळ्यांच्या तोंडी चिमटी आणि शिडी. चिमटी बुटकी, नेटजवळ उभी राहणारी. शटल नेटवरून डोकं वर काढतंय तोवर ते टिपून पलीकडे टाकणारी. शिडी तिच्यापेक्षा वीतभर उंच, मागची सगळी बाजू एकटीनं सांभाळणारी. शिडी मागून मारायची, समोरच्यांचं परत आलेलं लेचंपेचं शटल चिमटी पुढे संपवायची. एवढ्या भांडवलावर अकरा वर्षांत दोघींनी अर्धं जग पालथं घातलं होतं. हॉटेलांच्या खोल्यांमध्ये एकमेकींचे ओले मोजे वाळत घातले होते आणि एकाच पांघरुणावरून अबोलेही धरले होते.

आणि एवढ्या वर्षांत खेळ चालू असताना चिमटीनं शिडीला कधीच पाहिलं नव्हतं.

हे अजब वाटेल, पण दुहेरीत पुढे उभ्या राहणारीची ती रीतच आहे. मागे वळून बघायचं नाही. एक तर समोरचं शटल नजरेआड होतं, आणि दुसरं म्हणजे मागून आपल्याच जोडीदारणीचा स्मॅश येत असतो. "मागे वळलीस तर डोळा जाईल," हा सरांचा पहिला धडा. चिमटीनं कानाला खडा लावला तो कायमचा. पण ज्या कानाला खडा लावला तो कान तिनं असा तयार केला की मागचं सगळं तिला ऐकूनच कळायचं. सर्व्हिस पडायच्या आधी शिडी डाव्या बुटाचं टोक जमिनीवर घासते. खर्र. शटल डोक्यावरून मागे गेलं की दोन लांब ढांगा. टप, टप. मग उडी, मग तारांचा फटाक् आवाज. तेवढ्यावरून शटल कुठे जाणार हे चिमटीला आधी कळायचं. पत्रकारांना ती हसत सांगायची, माझे डोळे पुढे आहेत आणि कान मागे.

सहा महिन्यांपूर्वी त्या कानांनी एक तिसरं पाऊल ऐकलं.

खर्र. टप, टप, टप. दोन ढांगांच्या जागी तीन पावलं. आधी वाटलं, भास असेल. मग रोज यायला लागलं. शिडी मागे पोचायला उशीर करत होती, स्मॅश आधीसारखा उंचावरून पडत नव्हता, आणि जोडी मोठ्या स्पर्धांत दुसऱ्याच फेरीत घरी यायला लागली. चिमटीनं आठवडाभर ते तिसरं पाऊल मनात घोळवलं आणि निदान करून टाकलं. गुडघा. मोठी ढांग टाकायला शिडी घाबरते. लपवतेय. मग एक दिवस तिनं ते सरांच्या कानावर घातलं, काळजीपोटीच. निदान स्वतःला तरी तिनं तसंच सांगितलं.

सरांना एकाच वेळी सहा कोर्टांकडे बघायचं असतं. त्यांनी शिडीला जिन्यात गाठून विचारलं आणि शिडी म्हणाली, "हो सर, जरासा दुखतो." झालं. आजच्या कागदाची सुरुवात तिथे होती, आणि ती आपल्याच तोंडातून झाली हे चिमटीला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून तर जिवाची घालमेल. सामना तीनला होता, याच हॉलमध्ये, उपांत्यपूर्व फेरी. सामन्याआधी सांगावं तर शिडीचा खेळ बिघडणार. नंतर सांगावं तर ती म्हणणार, खिशात कागद ठेवून माझ्याबरोबर खेळलीस. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. चिमटीनं रॅकेटची ग्रिप सोडली, नवी गुंडाळली, आवडली नाही, पुन्हा सोडली. पाण्याची बाटली भरली, रिकामी केली, परत भरली. कपडे बदलायच्या खोलीत गेली तर शिडी बाकावर आडवी होऊन भिंतीला पाय लावून निवांत पडली होती.

"काय गं, पायाला भिंगरी लागलीय का?" शिडी म्हणाली. "चौथ्यांदा आलीस."

"टॉवेल विसरला."

"खांद्यावर आहे."

चिमटी टॉवेल चाचपून बाहेर पडली. जिन्यात तिनं आईला फोन लावला. आई तारघराच्या खिडकीवर सत्तावीस वर्षं बसलेली बाई, तिला थोडक्यात बोलायची सवय.

"सांगितलंस?" आईनं विचारलं.

"नाही अजून."

"मग मला कशाला फोन करतेस? मला माहितेय."

"आई, तिचा गुडघा गेलाय. मी काय करू? माझी अजून तीन-चार वर्षं आहेत."

"असतील. पण तोंडावर सांग. मागून कळलं तर तुला तिच्या लग्नाकार्यात पाय ठेवायला जागा राहणार नाही." आणि आईनं फोन ठेवला.

हॉलमध्ये अजून प्रेक्षक यायचे होते. तीन नंबरच्या कोर्टावर मॅट पुसणाऱ्या काकू काम करत होत्या. हे कोर्ट दोघींच्या सरावाचं, आणि आजचा सामनाही इथेच. काकूंच्या हातात काठी, काठीच्या टोकाला टोचलेला टेनिसचा जुना चेंडू. बुटांचे काळे डाग मॅटवरून त्या चेंडूनं घासून निघतात. हा शोध काकूंचाच आणि त्याचा त्यांना भारी अभिमान.

"ये," काकू म्हणाल्या. "तुझ्या मैत्रिणीला सांग जरा. बूट घासते आणि कंबर माझी जाते."

"सांगते," चिमटी म्हणाली. आज शिडीला सांगायच्या गोष्टींत आणखी एकीची भर.

"आणि वर जागा बदलते! वर्षानुवर्षं डाग इथे असायचा." काकूंनी काठी मधल्या रेषेवर एका जागी टेकवली. "डोळे मिटून घासायचे मी. आणि ह्या सहा महिन्यांत बघ, इथे आलाय." काठी नेटच्या दिशेनं सरकली. दोन वीत, सहज.

चिमटी बघत राहिली. जुन्या जागी मॅट घासून घासून फिकट झाली होती. नव्या जागी ताजा काळा डाग होता.

"पुढे आलाय?" तिनं विचारलं.

"मग काय मागे? मी काय आंधळी आहे?"

चिमटी त्या डागावर जाऊन उभी राहिली. तिथून मागच्या रेषेकडे वळून तिनं ढांगा टाकल्या. टप, टप. पोचली नाही. तिसरं पाऊल टाकावं लागलं. मग ती जुन्या फिकट जागेवर गेली, स्वतःच्या उंचीच्या मानानं फारच लांब ढांगा टाकल्या, आणि दोन पावलांत कशीबशी पोचली. शिडी तर आरामात पोचली असती.

काकू हसत होत्या. "नाच शिकतेस का?"

चिमटीला हसू आलं नाही. ज्याचा गुडघा दुखतो तो माणूस मागच्या रेषेला धरून उभा राहील. मागे धावण्याइतका गुडघ्याला त्रास दुसऱ्या कशाचा नाही. तो दोन वीत पुढे येऊन स्वतःचं काम वाढवून कशाला ठेवेल? दोन वीत पुढे येऊन उभं राहिलं तर हाताशी काय येतं? नेट. शिडीचा लांबलचक हात चिमटीच्या खांद्यावरून नेटपर्यंत पोचतो.

आणि मग गेल्या सहा महिन्यांतली शटलं तिला एकेक करून आठवायला लागली. आपण हात टाकायच्या आत मागून येऊन शिडीनं उचललेली. "माझ्या ताटातलं घेऊ नकोस," असं आपण तिच्यावर खेकसलो होतो. शिडी म्हणाली होती, "चुकलं, हात गेला."

पण माणसाचं मन असं वस्ताद असतं की असल्या आठवणींतूनही ते पळवाट काढतं. काकूंचा काय भरवसा, चिमटीनं स्वतःला बजावलं. डाग म्हणजे काही पुरावा नाही. मी कुठे हळू झालेय? मला कळलं नसतं का?

तीनला सामना सुरू झाला. समोरची जोडी काही फार मोठी नव्हती, पण चिवट होती. पहिला गेम ह्यांनी घेतला, दुसरा त्यांनी. चिमटीचं अर्धं लक्ष मागे होतं. खर्र. टप, टप, टप. प्रत्येक वेळी तिसरं पाऊल. तिसऱ्या गेममध्ये सोळा-सोळा झालं, सर्व्हिस चिमटीची, आणि तिला राहवेना.

सर्व्हिस करणारी आपला मोकळा हात पाठीमागे धरून जोडीदारणीला खुणा करते. एक बोट म्हणजे सर्व्हिस मधल्या रेषेकडे टाकते, करंगळी म्हणजे बाहेरच्या बाजूला. या सगळ्यांच्या असतात. पण ह्या दोघींची एक खासगी खूण होती, पहिल्या वर्षातली. तेव्हा अठरा वर्षांची शिडी फार हावरी, नेटवरचंही आपणच मारावं म्हणून पुढे धावायची. तिला आवरायला चिमटीनं पंजा काढला होता. उघडा पंजा म्हणजे तू मागेच राहा, पुढचं सगळं माझं. एकदा दाखवला की मूठ दाखवीपर्यंत तोच हुकूम. गेल्या आठ-नऊ वर्षांत त्याची गरजच पडली नव्हती.

चिमटीनं पाठीमागे पंजा उघडला.

मागे खर्र वाजलं नाही. क्षणभर काहीच वाजलं नाही.

"नक्की?" शिडीनं हळूच विचारलं.

चिमटीनं बोटं आणखी ताणली. मागे दोन पावलं सरकल्याचा आवाज आला. मग खर्र. तो लांबून आला, जुन्या जागेवरून.

सर्व्हिस पडली, समोरचीनं शटल उंच मागे टाकलं, आणि चिमटीनं ऐकलं. टप, टप. दोनच. लांब, भरदार, जमीन दाबणारी दोन पावलं, आणि मग असा फटाका की समोरचीची रॅकेट जागची हललीसुद्धा नाही. गुडघा ठणठणीत होता. अकरा वर्षांतला कदाचित सगळ्यात चांगला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि चिमटीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं घामाबरोबर पुसून टाकलं.

सतरा-सोळा. पंजा तसाच.

समोरच्या जोडीला डोळे होते. मागे भिंत उभी राहिलीय आणि पुढे एकटी बुटकी उरलीय हे त्यांना त्या एका रॅलीतच कळलं. त्यांनी मागे मारायचं सोडलं आणि नेटवर अलगद टाकायला सुरुवात केली. ही चिमटीची स्वतःची जमीन. इथे तिचं नाव पडलं होतं. पहिल्या शटलवर ती पोचली, पण टोकानं. शटल नेटात गेलं. दुसरं तिला स्पष्ट दिसलं, हातही निघाला, आणि हात पोचेपर्यंत शटल नेटच्या खाली उतरलं होतं. तिसरं तिला वाटलं आपण वेळेवर घेतलं, तेही नेटात गेलं. सतरा-एकोणीस. डोळ्यांना दिसत होतं, डोक्याला कळत होतं, फक्त हात निरोप उशिरा मिळाल्यासारखा मागाहून निघत होता. शिडीनं मागून दोन गुण खेचून आणले. चिवट जोडीनं पुन्हा एक पुढे टाकलं. एकोणीस-वीस.

"मूठ दाखव," शिडी मागून म्हणाली. "चिमटे, पुरे. मूठ दाखव. मी येते पुढे."

चिमटीनं मूठ दाखवली नाही. हट्ट म्हणा, वेड म्हणा. तिला एकदा तरी स्वतःचं वजन स्वतःच्याच तराजूत बघायचं होतं, दुसऱ्या कुणाचं बोट न लागता.

शेवटची रॅली लांबली. मग समोरचीनं नेटला लागून शटल सोडलं, असं की ते पट्टीवर क्षणभर रेंगाळलं आणि ह्या बाजूला कलंडलं. चिमटीपासून दीड हातावर. पाच वर्षांपूर्वी ती असली शटलं झोपेत उचलायची. ती झेपावली. रॅकेटची कड पिसांना लागली, तिला ती हातात जाणवलीसुद्धा, आणि शटल मॅटवर पडलं.

मागे एकही पाऊल वाजलं नाही. शिडीनं हुकूम पाळला होता.

चिमटी गुडघ्यावर होती तशीच वळली आणि तिनं मागे बघितलं. शिडी आपल्या जुन्या जागेवर उभी होती, दोन्ही गुडघे वाकवलेले, टाच उचललेली, रॅकेट पुढे, सगळं अंग नेटकडे निघायच्या बेतात आणि अडवून धरलेलं. गालांवरून पाणी वाहत होतं. चेहरा मात्र रागानं लाल झाला होता.

"कधीपासून?" चिमटीनं बसल्या बसल्याच विचारलं.

"आधी उठ," शिडी म्हणाली. "सगळे बघतायत."

साडेपाचला चिमटी सरांच्या खोलीत होती. अजून ओल्याच कपड्यांत. कागद टेबलावर, सर खुर्चीत, डोक्यावर घड्याळ.

"माझं नाव खोडा," ती म्हणाली. "तिथे शिडीचं घाला. शिडी आणि डावखुरी."

सरांनी चष्मा काढला. "तिचा गुडघा..."

"गुडघ्याला काही झालेलं नाही. मी चुकीचं सांगितलं तुम्हाला. मी हळू झालेय सर. ती माझं झाकायला पुढे येत होती आणि मला वाटलं तिला मागे जाता येत नाही." एवढं बोलून झाल्यावर तिला दम लागला, पाच गेम खेळल्यासारखा. "डावखुरीचा नेटवर हात कसा आहे?"

सरांनी चष्मा पुन्हा चढवला. त्यांना खोटं बोलता येत नसे, हा त्यांचा धंद्यातला मोठा दोष. "तुझा होता तसा," ते म्हणाले.

चिमटीनं मान हलवली. मग स्वतःच पेन घेऊन आपलं नाव आडव्या रेघेनं खोडलं. रेघ वाकडी गेली.

शिडीला बोलावलं तेव्हा पावणेसहा झाले होते. तिनं कागद वाचला. खोडलेलं नाव वाचलं, त्याच्या शेजारचं डावखुरीचं नाव वाचलं, खालची सकाळची सही वाचली.

"म्हणजे तू मला सोडणारच होतीस," ती म्हणाली.

"हो."

"माझा गुडघा गेला म्हणून."

"हो. आज सांगणार होते. सकाळपासून सांगणार होते."

"तरी म्हटलं, टॉवेल खांद्यावर आणि शोधतेय सगळीकडे." शिडी हसली नाही. "सरांना मीच म्हटलं दुखतो म्हणून. दुसरं काय सांगणार होते? तुझ्याबद्दल सांगू?"

"मला सांगायचंस! मला तिसरं पाऊल ऐकू येत होतं, सहा महिने रोज ऐकू येत होतं."

"ऐकू येत होतं," शिडी म्हणाली. "कळत नव्हतं."

सरांनी घड्याळाकडे बघितलं आणि पेन शिडीपुढे सरकवलं.

"मी नाही करणार सही," शिडी म्हणाली. "बिनजोडीची बसेन वर्षभर. दोन वीत काय, मी चार वीत पुढे उभी राहीन. अजून एक वर्ष निघेल आपलं. काय बिघडतं?"

"आज बिघडलं ते बघितलंस ना?"

"पंजा दाखवलास म्हणून बिघडलं!"

सहाला सात मिनिटं होती. चिमटीला सांगायचं पुष्कळ होतं. तुझी दोन पावलं आज पुन्हा ऐकली, ती माझ्यापायी तू तीन करून ठेवली होतीस, हे मला आता जन्मभर पुरेल, असं काहीतरी. पण समोरासमोर बोलायची दोघींना सवयच नव्हती. अकरा वर्षं त्या एकमेकींशी बोलल्या होत्या त्या अशाच, एक पुढे आणि एक मागे.

म्हणून चिमटी वळली. शिडीकडे पाठ करून खिडकीसमोर उभी राहिली. खाली हॉलच्या दारातून लोक बाहेर पडत होते, सायकली काढत होते. तिनं डावा हात पाठीमागे नेला आणि पंजा उघडला. तू मागेच राहा. पुढचं माझं मी बघेन.

तिनं बोटं आणखी ताणली. मागे वळून बघायचं नाही, एवढा एक नियम तिला अजून पाळता येत होता.

मग मागे खुर्ची सरकली. पेनाचं टोपण निघालं. शिडीची सही लांबलचक असते आणि शेवटी ती खाली एक रेघ ओढते, चिमटीनं ती शेकडो कागदांवर आपल्या सहीशेजारी बघितली होती. आज तिनं ती पहिल्यांदा ऐकली. रेघ ओढून झाली, आणि चिमटीनं हाताची मूठ मिटली.